यकृताला पोहोचणारा निरोप



२०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांत आपल्या बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ह्या पट्ट्यातील घराघरांत एक तीन अक्षरी शब्द येऊन बसला : सी.आर.पी. त्यापूर्वी तो डॉक्टरांना आणि रक्त तपासणाऱ्यांना ठाऊक होता. करोनाच्या साथीत तो रिक्षावाल्याच्या आणि भाजीवालीच्याही तोंडी आला. ‘आमच्या ह्यांचा सी.आर.पी. ८० निघाला’, ‘भावाचा १५०च्या वर गेला’, असे लोक एकमेकांना फोनवरून सांगू लागले. आकडा चढला की घर हबकून जाई. उतरला की देवापुढे साखर ठेवली जाई. परंतु हा आकडा कशाचा, शरीरात तो कोण वाढवतो आणि कशासाठी वाढवतो, हे समजावून सांगायला त्या धामधुमीत कोणाला सवड नव्हती. आज ती सवड आपल्याला आहे, म्हणून हा विषय घेतला.

मी डॉक्टर नव्हे. कामगार संघटनेचे काम करता करता आजारी कामगारांचे कागद हाताखालून जातात; त्यांतले शब्द उमजेनात, म्हणून ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचत गेलो. जे नीट कळले तेवढेच सांगणार आहे.

माझ्या बोलण्याचे सार आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाट चुकायला नको. शरीरात कोठेतरी इजा झाली, तेथून यकृताला निरोप गेला आणि यकृताने आपले उत्पादन बदलले, एवढीच गोष्ट सी.आर.पी.चा चढलेला आकडा सांगतो. निरोप का निघाला, हे शोधणे हे खरे काम. ते सोडून नुसत्या आकड्याच्या मागे धावले, तर पैसा जातो आणि कधी कधी माणूसही जातो.

प्रथम यकृताची ओळख करून घेऊ. यकृत म्हटले की आपल्याला पित्त आणि कावीळ आठवते. उजव्या बरगड्यांखाली असलेला हा सुमारे दीड किलो वजनाचा अवयव पित्त तयार करतो, साखर साठवतो, विषारी द्रव्यांची विल्हेवाट लावतो, हे शाळेच्या पुस्तकात असते. पण त्याचे आणखी एक मोठे काम आहे. रक्तातील लाल आणि पांढऱ्या पेशी बाजूला काढल्या की जो पिवळसर द्रव उरतो, त्याला रक्तद्रव म्हणतात. त्यात विरघळलेल्या प्रथिनांपैकी प्रतिपिंडे वगळली, तर बहुतेक सारी यकृताच्या पेशींत तयार होतात. त्यांत सर्वांत मोठा वाटा अल्ब्युमिनचा. निरोगी माणसाचे यकृत रोज सुमारे १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन तयार करते. हे प्रथिन रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवते. शिवाय औषधे, स्निग्ध द्रव्ये वगैरे माल इकडून तिकडे वाहून नेते. त्याखेरीज रक्त गोठण्यास लागणारे फायब्रिनोजेन, लोह वाहणारे ट्रान्सफेरिन अशी कितीतरी प्रथिने तेथून बाहेर पडत असतात. हे झाले कारखान्याचे रोजचे उत्पादन.

आता इजा झाली म्हणजे काय होते ते पाहू. उल्हास नदीला पूर आला की आपल्या भागात काय होते, हे २००५ आणि २०१९ च्या जुलै महिन्यांनी आपल्याला दाखवले आहे. समजा, अशा पाण्यातून चालताना एखाद्याच्या पायाला पत्रा लागला. दुसऱ्या दिवशी जखमेची जागा लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. दाहाची ही चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस ह्याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहेत. परंतु गोष्ट पायापुरती राहत नाही. संध्याकाळी अंगात कणकण येते, अन्नावरची वासना जाते, हातपाय मोडून आल्यासारखे वाटतात. जखम पायाला आणि ताप साऱ्या अंगाला, हे कसे?

ताप जंतूच आणतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत. ह्या समजुतीला धक्का देणारी एक घटना आपल्या मुंबईतच घडलेली आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञाने प्लेगचे जंतू वाढवले, उष्णता देऊन मारले आणि त्यांची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती लस त्याने प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याला ताप भरला, टोचलेली जागा दुखू लागली. आता ध्यानात घ्या, त्या लशीतले जंतू मेलेले होते. मेलेला जंतू वाढत नाही, पसरत नाही. मग ताप आणला कोणी? उत्तर असे की, तो हाफकिनच्या स्वतःच्या शरीराने आणला. परळच्या ज्या संस्थेला आज हाफकिनचे नाव आहे, ती ह्याच कामातून वाढली. आणि हाच अनुभव आपल्याकडच्या प्रत्येक आईला आहे : लेकराला लस टोचली की रात्री अंग तापते, आणि बहुधा एकदोन दिवसांत उतरते.

शरीर हे करते कसे, ह्याचा उलगडा व्हायला पुढे नव्वद वर्षे लागली. त्यातला पहिला धागा १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सापडला. विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोन संशोधक फुफ्फुसदाहाच्या, म्हणजे न्यूमोनियाच्या रोग्यांचे रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूपासून काढलेल्या ‘सी’ नावाच्या एका द्रव्यात त्यांनी रोग्याचा रक्तद्रव मिसळला, तेव्हा साका जमला. रोगी बरा झाल्यावर त्याच्याच रक्ताने साका जमेना. ‘सी’ द्रव्याशी जुळणारे ते प्रथिन म्हणजेच सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, आपले सी.आर.पी. पुढे दिसून आले की ते एका न्यूमोनियाचे राखीव नाही. दुसऱ्या जंतूंच्या आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, भाजल्यावर, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, सांध्यांच्या दाहातही ते वाढते. ते तयार होते यकृतात. म्हणजे इजा कोठेही होवो, यकृताला बातमी लागते. ही बातमी नेतो कोण?

जखमेच्या जागी भक्षक पेशी असतात. जंतू गिळणे हे त्यांचे काम. परंतु गिळतानाच त्या आणखी एक काम करतात : अतिशय सूक्ष्म अशी निरोप्या प्रथिने रक्तात सोडतात. शास्त्रज्ञ त्यांना सायटोकाइन म्हणतात. आपण पेशीदूत म्हणू. त्यांतील तीन मुख्य : इंटरल्यूकिन-१, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आणि इंटरल्यूकिन-६. हे दूत मेंदूतील तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत खबर पोहोचवतात, म्हणून ताप येतो. आणि यकृताला जाणारा मुख्य दूत म्हणजे तिसरा, इंटरल्यूकिन-६.

ह्या दूताची ओळख पटली ती गोष्ट गमतीची आहे. जपानच्या ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो हे प्रतिपिंडे तयार करायला लावणाऱ्या द्रव्याचा शोध घेत होते. १९८६ मध्ये त्यांना त्याचे जनुक सापडले. इकडे दुसऱ्या देशांतील संशोधक यकृताच्या पेशींना चेतवणाऱ्या द्रव्याच्या मागावर होते. १९८७ मध्ये दोन्ही वाटा एका दारात येऊन थांबल्या. एकाच माणसाला दोन गल्ल्यांत दोन नावांनी ओळखावे, तसा हा प्रकार निघाला.

दूत यकृतापाशी आला, आता आत काय घडते? यकृताच्या पेशीच्या आवरणावर ह्या दूताला ओळखणारा एक ग्राहक असतो. दूत त्यात बसला की जीपी-१३० नावाची दुसरी दोन प्रथिने जवळ येतात आणि निरोप पेशीच्या आत उतरतो. दूत स्वतः आत जात नाही, त्याची चिठ्ठी आत जाते असे म्हणा. आत जॅक नावाचे विकर असते; ते स्टॅट-३ ह्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का मारते. शिक्का बसलेली दोन स्टॅट-३ जोडी जमवून पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि ठरावीक जनुकांपाशी जाऊन त्यांना कामाला लावतात. सी.आर.पी.चे जनुक पूर्ण जोराने चालायला इंटरल्यूकिन-१ चीही मदत लागते. फायब्रिनोजेनला इंटरल्यूकिन-६ एकटा पुरतो. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून येणारे कॉर्टिसॉलही यकृताच्या ह्या कामाला जोर देते. म्हणजे कोणत्या मालाचे उत्पादन किती वाढवायचे, हे किती दूत आणि कोणकोणते दूत एकत्र आले त्यावर ठरते.

ह्यानंतर जे होते ते कारखान्यात काम केलेल्यांना सांगायलाच नको. तातडीचा माल काढायचा ठरला की यंत्रे आणि माणसे तिकडे वळतात, आणि नेहमीचा माल कमी निघतो. यकृतात सी.आर.पी. वाढते, तेही थोडेथोडके नव्हे. निरोगी माणसात एका लिटर रक्तद्रवात ते बहुधा ५ मिलिग्रॅमहून कमी असते. मोठ्या जंतुसंसर्गात ते शेकड्यांत जाते. ते जंतूंच्या आणि मेलेल्या पेशींच्या आवरणाला चिकटते आणि ‘हे उचला’ अशी खूण भक्षक पेशींना करते. फायब्रिनोजेन वाढते, म्हणजे जखम बुजायला साहित्य मिळते. हेप्सिडिन वाढते, त्याविषयी पुढे बोलू. उलट अल्ब्युमिन आणि ट्रान्सफेरिन ह्यांचे उत्पादन घटते.

फायब्रिनोजेन वाढल्याचा एक परिणाम जुन्या मंडळींच्या परिचयाचा आहे. हे प्रथिन वाढले की रक्तातील लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, आणि चळत जड म्हणून नळीत लवकर तळाला बसते. हीच ई.एस.आर. तपासणी. क्षयरोग्यांच्या प्रकृतीचा उतारचढाव कितीतरी दशके ह्या तपासणीवरून पाहिला गेला. यकृताला गेलेला निरोपच त्या नळीत दिसत होता; दूताचे नाव तेवढे तेव्हा कोणाला माहीत नव्हते.

उत्पादन सुरू करण्याइतकेच ते थांबवणेही महत्त्वाचे. यकृताच्या पेशीत स्टॅट-३ ज्या जनुकांना चालू करते, त्यांतच सॉक्स-३ नावाच्या प्रथिनाचे जनुक आहे, आणि हे प्रथिन जॅकचे काम रोखते. गती देणाऱ्या हातानेच लगामही ओढावा, अशी ही योजना. शिवाय जखमेतून नवे दूत निघायचे थांबले की यकृतही निवांत होते. सी.आर.पी. इजा झाल्यावर सुमारे सहा तासांनी चढू लागते, दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठते, आणि नवे उत्पादन थांबल्यावर दर १९ तासांनी निम्मे होत जाते. म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांचे आकडे ओळीने पाहण्यात अर्थ असतो. आज १६०, उद्या ८०, परवा ३५ असे दिसले, तर निरोप यायचे थांबले असे समजावे.

येथवर शास्त्र झाले. आता त्याचा आपल्या व्यवहाराशी काय संबंध, ते तीन गोष्टींतून सांगतो.

पहिली गोष्ट लोहाची. हेप्सिडिन हे यकृताचे छोटेसे प्रथिन ह्या शतकाच्या प्रारंभी उजेडात आले. शरीरात लोह रक्तात सोडणारी जी दारे आहेत, आतड्याच्या पेशींत आणि जुन्या लाल पेशी मोडणाऱ्या पेशींत, ती हे प्रथिन बंद करते. हेतू चांगला आहे : जंतूंनाही वाढायला लोह लागते, ते त्यांना मिळू नये. चार दिवसांच्या आजारात ह्याने काही बिघडत नाही. परंतु दाह महिनोन्‌महिने चालला, जसा क्षयात किंवा संधिवातात चालतो, तर कोठारात लोह असून कामावर लोह नाही अशी अवस्था होते आणि माणूस पांढरा पडतो. अशा वेळी लोहाच्या गोळ्या पोटात गेल्या, तरी आतड्याचे दार बंद असल्यामुळे त्यांचा थोडाच भाग रक्तात पोहोचतो. कामावर धाप लागते म्हणून महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेणारे आणि अखेर क्षय निघालेले कामगार माझ्या पाहण्यात आहेत. सगळा रक्तक्षय असा नसतो. आपल्याकडे खरोखर लोह कमी पडल्यामुळे होणारा रक्तक्षय, विशेषतः बायाबापड्यांत, फार मोठा आहे आणि त्याला गोळ्याच हव्यात. परंतु गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर ‘गोळ्या चुकवतोस’ म्हणून त्या माणसाला दटावण्याआधी दाह कोठे धुमसत आहे काय, हे डॉक्टरांनी पाहावे, असा आग्रह धरण्याचा आपल्याला हक्क आहे.

दुसरी गोष्ट अल्ब्युमिनची. अहवालात ते कमी दिसले की ‘अंडी खा, डाळ खा’ असा सल्ला शेजारीपाजारी देतात. गरिबाच्या ताटात प्रथिन कमी असते हे खरेच आहे, आणि ते मिळालेच पाहिजे. परंतु मोठ्या आजारात अल्ब्युमिन घटते त्याची इतर कारणे असतात : यकृताने उत्पादन कमी केलेले असते, आणि दाहामुळे रक्तवाहिन्यांतून ते बाहेर झिरपत असते. दाह शमला नाही, तर नुसत्या अंड्यांनी ते भरून येणार नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्याचे यकृत दारूने किंवा जुन्या काविळीने निकामी होत आले आहे, त्याच्यात मोठा संसर्ग असूनही सी.आर.पी. हवे तेवढे वाढत नाही. कारखानाच मोडकळीला आला, तर निरोप मिळून उपयोग काय? तेव्हा ‘आकडा साधा आहे, मग तुला काही झालेले नाही’ असे म्हणून कोणाला कामावर परत धाडणे बरोबर नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कटू, आणि ती आपल्या अंगणात घडलेली आहे. करोनाच्या काही रोग्यांत हे पेशीदूत मर्यादा ओलांडून निघत आणि दाह फुफ्फुसांचाच घास घेई. तेव्हा इंटरल्यूकिन-६ चा ग्राहक अडवून धरणारे टोसिलिझुमॅब नावाचे औषध पुढे आले. मूळचे ते संधिवातासाठी जपानात तयार झालेले. जुलै २०२० मध्ये ते मिळवण्यासाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते, आणि त्याच महिन्यात अन्न व औषध प्रशासनाने उल्हासनगरात कारवाई केली. सुमारे साडेचाळीस हजार रुपये छापील किंमत असलेले हे इंजेक्शन साठ हजारांना विकले जात होते, असा आरोप होता. कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराची ही रक्कम आहे.

ह्या औषधाचा उपयोग होतो की नाही? होतो, पण कोणाला आणि किती, हे नंतर कळले. ब्रिटनमधील रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राणवायू कमी पडत असलेले आणि सी.आर.पी. ७५ किंवा त्याहून अधिक असलेले चार हजारांवर रोगी तीत होते. औषध न मिळालेल्यांत शेकडा ३५ दगावले, मिळालेल्यांत शेकडा ३१. म्हणजे शंभरांत चार जीव वाचले. हा लाभ लहान नव्हे, पण ती संजीवनीही नव्हे. त्यांपैकी बहुतेकांना डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड औषधही चालू होते. त्या स्वस्त औषधाने प्राणवायू लागणाऱ्या रोग्यांचे मृत्यू कमी होतात, हे त्याच चाचणीने जून २०२० मध्येच जाहीर केले होते. साठ हजारांसाठी मंगळसूत्र गहाण टाकणाऱ्या घराला हे कोणी शांतपणे सांगितले असते तर!

शिवाय ह्या औषधाची एक बाजू आपण आता सहज समजू शकतो. ते यकृताला जाणारा निरोपच अडवते, म्हणून सी.आर.पी. झपाट्याने उतरते. घरचे लोक म्हणतात, माणूस सुधारला. परंतु निरोप अडला म्हणजे आग विझली असे होत नाही. आत नवा जंतुसंसर्ग वाढत असला, तरी आकडा खालीच राहू शकतो. म्हणून अशा रोग्याकडे डॉक्टरांना आकड्याखेरीज इतर खुणांनी लक्ष ठेवावे लागते. तसेच दुसरा दूत, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, ह्याला अडवणारी संधिवाताची औषधे सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. कारण शरीरात निजलेला क्षय हा दूत पहाऱ्यावरून हटला की उठून बसतो. आपल्या देशात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

तात्पर्य असे. दाह हा शरीराचा शत्रू नाही. तो लढा आहे, आणि पेशीदूत हे त्या लढ्याचे निरोपे. लढा थोडक्यात आटोपला तर शरीर सावरते; लांबला तर रक्त आटते, ताकद जाते; आणि निरोप्यांचे तोंड दाबले तर लढा संपत नाही, फक्त त्याची बातमी येईनाशी होते. संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे काही निराळे समजावून सांगावे लागत नाही.

यापुढे आपल्या हाती रक्ताचा अहवाल आला, तर घाबरून जाऊ नका आणि बेफिकीरही राहू नका. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : हा आकडा काल किती होता? निरोप शरीरातल्या कोणत्या जागेवरून येत असावा? आणि त्या जागेवर आपण काय इलाज करीत आहोत? प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही.